शाळा सुटल्यावरचा चित्रकार : बेळगावच्या वास्तववादी परंपरेची पार्श्वभूमी

शहापूर, वडगाव किंवा टिळकवाडीतील एखाद्या जुन्या घरात गेल्यास बाहेरच्या सोप्यात घरातील दिवंगत कर्त्या पुरुषाचे तैलचित्र अजूनही टांगलेले दिसते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, डाव्या गालावर खिडकीतून आल्यासारखा उजेड, उजवा कान जवळजवळ अंधारात आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही व साल असा त्याचा थाट असतो. सही कोणाची, असे घरातल्या वयस्क माणसाला विचारले की ‘ते आम्हाला शाळेत ड्रॉइंगला होते’ असे उत्तर मिळते. चित्रकार हा शब्द त्या उत्तरात सहसा येत नाही. वास्तववादी पद्धतीने शिकलेला, हातात कसब असलेला माणूस या भागात ‘ड्रॉइंगचे सर’ म्हणूनच का ओळखला गेला, हे समजून घ्यायचे तर बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हापासून सुरुवात करावी लागते.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत 1857 साली ‘जे. जे.’ ही कलाशाळा सुरू झाली, तेव्हा येथील कारागिरांचा हात सुधारावा हा तिचा उघड हेतू होता. प्रत्यक्षात सुतार, सोनार, कुंभार यांच्या मुलांपेक्षा पांढरपेशा घरांतील मुलेच तेथे अधिक रमली आणि शाळेतून दोन प्रकारची माणसे बाहेर पडू लागली, एक व्यक्तिचित्रे रंगवणारी आणि दुसरी माध्यमिक शाळांत रेखाकला शिकवणारी. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकाच अंगरख्यात असत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा इलाख्यातील जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचल्या, ड्रॉइंग शिक्षकाची वेगळी पात्रता ठरली, आणि ज्या गावात चित्र विकत घेणारे दहा लोकही नव्हते तेथे चित्रकाराला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी एक जागा निर्माण झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागाच्या दृष्टीने ही घटना कोणत्याही प्रदर्शनापेक्षा मोठी होती, असे माझे मत आहे.

या वाटेने गेलेला बेळगाव जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध माणूस चित्रकार म्हणून ओळखला जात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकलेच्या ओढीने ते 1885 च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांमधील फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही हे लक्षात आल्यावर त्यांना रंगकाम सोडावे लागले. रेखाटनावरची पकड मात्र पक्की होती. त्यांनी यंत्ररेखनाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते तोच विषय शिकवू लागले. पुढे बेळगावातील सायकलचे दुकान, लोखंडी नांगर, नगरपालिकेमुळे जागा सोडावी लागणे आणि 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची उभारणी हा भाग सर्वांना ठाऊक आहे. जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हा योगायोग सहसा सांगितला जात नाही. उद्योगपती होण्याआधी लक्ष्मणराव काही वर्षे ड्रॉइंगचे मास्तर होते, एवढे येथे नोंदवणे पुरेसे आहे.

बेळगावला दुसरा आधार होता तो आजूबाजूच्या संस्थानांचा. उत्तरेला कोल्हापूर, घाट उतरल्यावर सावंतवाडी, पूर्वेला रामदुर्ग, आणि आज बेळगावचाच भाग असलेले शहापूर तर सांगली संस्थानच्या ताब्यातले. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी मुंबईत शिक्षण घेऊनही आपली निसर्गचित्रे कोटितीर्थ तलावाच्या परिसरात बसून केली आणि 1931 साली ते तेथेच वारले. कोल्हापुरातच 1867 साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून गेले, 1896 मध्ये तेथेच शिक्षक झाले आणि 1931 पर्यंत शिकवत राहिले. चित्रकार आणि मास्तर या दोन्ही भूमिका एकाच आयुष्यात पूर्ण ताकदीने पार पाडता येतात, याचे त्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण तेच.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे उदाहरण बेळगावकराला अधिक जवळचे वाटावे. 1882 साली जन्मलेल्या हळदणकरांनी जे. जे.तून बाहेर पडल्यावर 1908 मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि जलरंगातील आपले असामान्य कसब वर्गात मुलांपुढे उघडे केले. तळहाताच्या आडोशाला दिवा धरलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते रविवर्म्याचे आहे असा गैरसमज अजूनही पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. मराठी चित्रकाराचे सर्वांत लोकप्रिय चित्र कर्नाटकात आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी कोणी खटला भरलेला नाही, ही सीमाभागातल्या माणसाला बरी वाटणारी गोष्ट आहे.

1947 ते 1950 या काळात या व्यवस्थेचे दोन खांब एकदम कोसळले. संस्थाने विलीन झाली, त्यामुळे राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रे रंगवण्याचे काम संपले. आणि मुंबईत 1947 साली प्रोग्रेसिव्ह या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या तरुणांनी जी दिशा धरली तिच्यामुळे हुबेहूब चित्रणाला मागासलेपणाचा शिक्का बसू लागला. त्याआधीच, 1936 नंतर जेरार्ड यांच्या संचालकपदाच्या काळात जे. जे.मध्ये आधुनिक विचाराला वाट मिळाली होती. राजधानीत वास्तववादाची किंमत उतरली तरी जिल्ह्याच्या गावात उतरली नाही. येथे वडिलांचे चित्र वडिलांसारखेच दिसायला हवे होते, गणपती मंडळाच्या देखाव्याचा पडदा लांबून खरा वाटायला हवा होता आणि परीक्षेतला तांब्या तांब्यासारखाच यायला हवा होता. मागणी लहान होती, पण ती टिकून राहिली. उरलेला भार शाळेच्या पगाराने उचलला.

या टप्प्यावर बेळगावात के. बी. कुलकर्णी यांचे नाव येते. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र या दोन्ही प्रकारांत वास्तववादी पद्धतीवर हुकमत असलेल्या या चित्रकाराच्या ‘चित्रमंदिर’ या कलाशाळेत बेळगाव परिसरातील मुलांना ती शिस्त मिळाली. 1935 साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे याच चित्रमंदिरात घडले. पुढे मुंबईचे जाहिरातक्षेत्र, काही वर्षे केनियातील नैरोबी आणि अखेरीस पुणे असा त्यांचा प्रवास झाला. बोधचित्रे आणि वास्तूंची यथार्थदर्शनी चित्रे यांत त्यांनी मोठे नाव कमावले. तरीही 2022 साली निधन होईपर्यंत ते आपल्या हाताच्या तयारीचे श्रेय बेळगावच्या गुरूंनाच देत राहिले आणि गुरूंच्या नावाने त्यांनी पुरस्कारही सुरू केला. मास्तराचे नाव शिष्यामुळे गावाबाहेर जाते, ही या पेशातील नेहमीची तऱ्हा आहे.

या परंपरेच्या वर्गात नेमके काय शिकवले जात असे, ते थोडे जवळून पाहायला हवे, कारण ‘हुबेहूब काढायला शिकवत’ एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. टेबलावर एक पितळी तांब्या, शेजारी दोन वांगी आणि मागे घडी मोडून सोडलेले फडके. मुले अर्धवर्तुळात बसलेली. प्रत्येकाला तांब्या वेगळ्या कोनातून दिसत असल्यामुळे शेजाऱ्याच्या कागदात डोकावून काही उपयोग नसे. मला वाटते, शाळेतील हा एकच तास असा होता की ज्यात कॉपी करणे मुळातच अशक्य होते. पहिली अडचण तांब्याच्या तोंडाची. वर्तुळ तिरके पाहिले की ते लंबवर्तुळ होते, आणि नवशिका मुलगा त्याच्या दोन्ही टोकांना माशाच्या तोंडासारखे टोक काढतो. मास्तर काही न बोलता पेन्सिल घेऊन त्या टोकाशी एक छोटे गोल वळण देत आणि पुढे जात. मग हात ताठ करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, तांब्याची उंची अंगठ्याने पेन्सिलीवर मोजायची आणि तेवढीच पेन्सिल आडवी धरून रुंदीशी ताडून पाहायची. त्यानंतर डोळे किलकिले करायचे, म्हणजे बारीकसारीक तपशील विरून जातात आणि फक्त उजेड, मधला भाग आणि अंधार असे तीन तुकडे उरतात. छायाप्रकाशाचे सगळे शास्त्र त्या किलकिल्या डोळ्यांत आहे.

चेहऱ्याकडे मुले फार उशिरा येत. कोळशाच्या कांडीने आधी डोक्याचा एकंदर आकार आणि मानेचा कल पकडायचा, डोळे, नाक, ओठ यांच्या मागे सुरुवातीला लागायचे नाही, हा नियम कडक असे. साम्य डोळ्यांत असते अशी लोकांची समजूत असते. व्यक्तिचित्र काढणाऱ्याला ते कपाळ, गालाचे हाड आणि जबडा यांमधल्या अंतरात सापडते, आणि म्हणूनच ओळखीचा माणूस गल्लीच्या टोकाला असून त्याचे डोळे दिसत नसले तरी आपण त्याला ओळखतो.

जलरंगाला बेळगावच्या हवेने स्वतःचे धडे दिले. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवरच्या या गावात जून ते सप्टेंबर कागदावरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, लवकर सुकत नाही, त्यामुळे ओल्यात ओला रंग सोडण्याची सवय येथील हाताला लागते. जो थांबायला शिकत नाही त्याच्या चित्राचा चिखल होतो. मास्तर मंडळी बाहेर चित्र काढायला निघत ती दसऱ्यानंतर. किल्ल्याचा खंदक, येळ्ळूरचा राजहंसगड, खानापूरकडे मलप्रभेचा काठ, भात कापल्यावर उघडी पडलेली तांबडी जमीन, असे हे विषय. त्या तांबडेपणासाठी पेटीतला बर्न्ट सिएना इतर रंगांच्या आधी संपे, आणि नवी ट्यूब पगार झाल्यावरच येई.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि ड्रॉइंगच्या शिक्षकाचे घर, वर्ग आणि फळा जागच्या जागी राहून त्याच्या भोवतालची व्यवस्था बदलली. सीमाप्रश्नाचा राजकीय इतिहास, म्हणजे महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, 2014 मध्ये झालेले बेळगावी हे नामांतर, पुष्कळांनी लिहिला आहे. येथे त्याची एकच बाजू पाहायची आहे. ज्या कलाशाळेच्या पद्धतीने हा शिक्षक घडला ती आता दुसऱ्या राज्यात होती. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चालू राहिल्या. कर्नाटकात लोअर आणि हायर अशा ग्रेड परीक्षा झाल्या. बढती, पुरस्कार, अकादमी यांचा रस्ता बेंगळुरूकडे वळला, तर प्रदर्शन, रंगसाहित्य आणि पुढच्या शिक्षणासाठी मुलांच्या नजरा अजूनही मुंबई, पुणे, कोल्हापूरकडेच लागलेल्या राहिल्या.

तरी या तुटण्याचे वर्णन करताना फार आवाज चढवू नये, असे मला वाटते. धारवाडला चित्रकार हालभावी यांनी उभी केलेली कलाशाळा याच वास्तववादी शिस्तीची होती. कन्नड आणि मराठी मास्तर एकमेकांच्या हाताचा अंदाज भाषेआधी कागदावरून घेत. नुकसान झाले ते दुसऱ्याच ठिकाणी. मुंबईतील समीक्षकाला बेळगावचा चित्रकार परराज्यातला वाटू लागला, आणि बेंगळुरूच्या नोंदीत त्याच्या मराठी विद्यार्थ्यांची, मराठी मासिकांतील कामाची बाजू फारशी आली नाही. दोन्ही वह्यांच्या समासात नाव आहे, पण मजकूर एकाही पानावर पुरा नाही, अशी ही स्थिती आहे.

त्यात पेशाच्या स्वरूपानेही भर घातली. सकाळी अकरा ते पाच शाळा, आठवड्याला प्रत्येक तुकडीचे एक किंवा दोन तास, त्यातलाही एखादा गणिताच्या किंवा इंग्रजीच्या सरांनी परीक्षेआधी मागून घेतलेला. स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचे फलक, फळ्यावरचे सुविचार, मुख्याध्यापकांच्या दालनातील महात्मा गांधींचे चित्र ही कामे वेगळी, आणि ती कधी मोजली गेली नाहीत. स्वतःचे चित्र शाळा सुटल्यावर, संध्याकाळचा उजेड जाण्याआधीच्या तासाभरात किंवा मे महिन्याच्या सुट्टीत. अशा चित्रकाराची चित्रे संख्येने कमी आणि आकाराने लहान असतात, यात नवल नाही. जी झाली ती विकली कमी गेली आणि दिली जास्त गेली: लग्नात आहेर म्हणून, डॉक्टरांना उपचाराबद्दल, घरमालकाला आठवण म्हणून.

टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या इमारतीत आज के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन आहे आणि गावातील प्रदर्शने तेथे भरतात. घरोघरी गेलेल्या चित्रांची यादी मात्र कोणाकडे नाही. आमच्या नात्यातल्या शहापूरच्या एका घरी राजहंसगडाचे एक जलरंगातले चित्र आहे. काचेच्या आतून पावसाळ्याची ओल शिरून आकाशाच्या भागावर तपकिरी ठिपके पडले आहेत, आणि ते ढगच असावेत अशी घरातल्या लहान मुलांची समजूत आहे. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तारीख, ‘सकाळी 7 ते 8.30’ अशी वेळ आणि खाली एका शब्दात ‘रविवार’ असे लिहिलेले आहे.