सफारी वेगळी आणि कन्झर्वेशन कॅम्प वेगळा, एकदाचं नीट समजून घ्या

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की माझ्याकडे तेच ते मेसेज सुरू होतात. ताई, तुम्ही झांबियाला होतात ना, तिकडे मुलांसाठी जंगलात कन्झर्वेशन कॅम्प, म्हणजे वन्यजीव संवर्धनाची शिबिरं, असतात म्हणे, फी किती असते, नववीतल्या मुलाला घेतात का, आणि सिंह दिसतोच ना? पहिले दोन प्रश्न ठीक आहेत. तिसरा आला की कळतं, समोरच्याच्या डोक्यात सफारी आहे, फक्त जरा लांबलेली आणि वर सर्टिफिकेट मिळणारी. हा घोळ मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

सफारी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ताडोबाला मोहर्ली नाहीतर कोलारा गेटवर भल्या पहाटे कुडकुडत जिप्सीत बसलेल्या माणसाला सगळं माहिती असतं. केनियातलं मसाई मारा म्हणजे तेच, मैदान मोठं, गाडीचं छत उघडणारं, आणि पैसे डॉलरमध्ये. २०२४ पासून जुलै ते डिसेंबरमध्ये परदेशी मोठ्या माणसाला माराची नुसती प्रवेश फी दिवसाला २०० डॉलर आहे. मला सफारी मनापासून आवडते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता लोक जे फरक सांगतात ते. सफारीत लॉज, कॅम्पात तंबू. नाही हो, महागातल्या महाग सफारीतही तंबूच असतात. सफारी गाडीतून, कॅम्प पायी. हेही नाही, झांबियातलं साउथ लुआंग्वा चालत करायच्या सफारीसाठीच जगात प्रसिद्ध आहे आणि तिथे पर्यटकच चालतात. कॅम्पात लेक्चर असतं, सफारीत नसतं. चांगला गाइड मिळाला तर सफारीतही तीन तास लेक्चरच असतं. खाकी कपडे, दुर्बीण, दिवस किती, वयाची अट काय, यातल्या कशानेच काही ठरत नाही, त्यामुळे पुढे जाऊया.

ठरतं ते एकाच प्रश्नाने. कॅम्प संपल्यावर मूल कुठे जातं?

एअरपोर्टवर जात असेल तर ती सहल आहे, अभ्याससहल म्हणा, स्टडी टूर म्हणा, चांगलीही असेल. आणि ट्रकच्या मागे बसून दहा किलोमीटरवरच्या आपल्या गावात जात असेल, जिथे रात्री हत्ती येतो, तर तो कन्झर्वेशन कॅम्प. आफ्रिकेत हे शिबिराचं काम ज्यांनी उभं केलं त्यांनी ते मुख्यतः तिथल्याच मुलांसाठी केलं, आणि आपल्याकडे नेमकं हेच कुणाच्या डोक्यात शिरत नाही, कारण जंगलात शिबिर म्हटलं की आपल्याला शहरातलं मूल दिसतं, पाठीवर सॅक घेतलेलं. जंगलाशेजारी राहणाऱ्या मुलाला जंगलाबद्दल काय शिकवायचं, ते तर तिथलंच, असं लोक मला अगदी सहज म्हणतात आणि मी दर वेळी चिडते.

मी लुआंग्वाच्या खोऱ्यात जे पाहिलं ते सांगते. साउथ लुआंग्वा नॅशनल पार्क ९,०५० चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याला कुंपण नाही. मधे नदी, पलीकडे पार्क, अलीकडे गावं, आणि उन्हाळ्यात नदी इतकी आटते की हत्ती निवांत चालत येतात जातात. तिथे म्फुवे भागात एक लॉज आहे, रानआंब्याच्या झाडाजवळ बांधलेला, आणि नोव्हेंबरच्या आसपास तो आंबा पिकला की एक हत्तींचं कुटुंब चक्क लॉजच्या रिसेप्शनमधून, पायऱ्या चढून, काउंटरच्या बाजूने त्या झाडाकडे जातं. फोटो तुम्हीही पाहिला असेल, जगभर फिरलाय. पर्यटक वरच्या बाजूला उभे राहून श्वास रोखून बघतात, आणि खरंच बघण्यासारखंच आहे ते.

आता तेच हत्ती आणि तोच मोसम, फक्त झाड बदला. गावात कुणाच्या तरी अंगणात आंबा आहे, साधा, आपल्यासारखा, खाली मातीची झोपडी, शेजारी मक्याची कणगी, तिला तिकडे न्खोक्वे म्हणतात, बांबूची विणलेली, थेट आपल्याकडच्यासारखी. हत्ती आंब्याच्या वासाने येतो आणि आल्यावर त्याला मक्याचाही वास लागतो, एका सोंडेत कणगी उघडते, वर्षभराची न्शिमा गेली. न्शिमा म्हणजे तिकडचं मक्याच्या पिठाचं घट्ट उकडीसारखं जेवण, दोन वेळचं तेच असतं. घरातले सगळे अंधारात डबे वाजवत बसतात आणि बाप मशाल घेऊन बाहेर जातो की नाही यावर आई रडत असते. एकाच प्राण्याचा एका बाजूला आनंद आणि दुसऱ्या बाजूला हे. ज्या मुलाच्या वाट्याला हे दुसरं आलंय त्याच्यासमोर तुम्ही हत्ती वाचवा असं पोस्टर धरून उभे राहिलात तर त्याने काय करावं?

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे सात वर्षं झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला होते आणि त्यातल्या दोन ऑगस्टच्या सुट्ट्यांमध्ये म्फुवेजवळच्या एका शिबिरात स्वयंपाकाला आणि हजेरीला मदत करायला गेले. सोळा मुलं, सहावी सातवीतली. बारा वर्षांची एक मुलगी होती, पार्कच्या गेटपासून फार तर दहा किलोमीटरवर जन्मलेली, आणि पार्कात कधी आलेली नव्हती. सोळातलं एकही मूल आलेलं नव्हतं! पहिल्या दिवशी सकाळी गाडीतून नेलं तेव्हा नदीकाठी हत्तीणी होत्या, एकीच्या पोटाखाली पिल्लू, त्याला सोंड कशी वापरायची तेच कळत नव्हतं, ते गुडघ्यावर बसून तोंडानेच पाणी प्यायचा प्रयत्न करत होतं. शहरातली मुलं असती तर ओरडली असती, मोबाइल काढले असते. ही मुलं सीटच्या खाली वाकली. घाबरून एकदम गप्प. पंधरा वीस मिनिटांनी ती मुलगी न्यांजात, म्हणजे तिथल्या भाषेत, शिक्षकांना काहीतरी हळू विचारत होती, मला मागाहून कळलं. ती विचारत होती, हे तेच का?

म्हणजे रात्री येतात ते. तिने हत्ती आयुष्यात फक्त आवाजाच्या रूपात पाहिला होता, फांदी मोडल्याचा आवाज, पोटातली गुरगुर, आणि सकाळी अंगणात पडलेली लीद. दिवसाउजेडी, पिल्लाला पाजणारा, कुणाच्या मागे न लागणारा हत्ती तिने पहिल्यांदा पाहिला. शिक्षकांनी सरळ सांगितलं, हो, तेच. खोटं बोलले नाहीत, हे चांगले आणि ते वाईट असंही म्हणाले नाहीत. शिबिराचा खरा अभ्यास तिथून सुरू झाला.

त्यामुळे आत काय शिकवतात तेही आपोआप वेगळं होतं. सफारीत तुम्ही प्राणी ओळखायला शिकता. शिबिरातही ओळख असतेच, गेंडे असतील त्या भागात गेंड्याची लीद हातात घेऊन काड्या तिरक्या कापलेल्या दिसल्या तर तो काळा गेंडा, नुसतं गवत असेल तर पांढरा, हत्तीच्या पुढच्या पावलाच्या ठशाचा घेर दोऱ्याने मोजून दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची येते, मुलं हे दोरे घेऊन दिवसभर पळत असतात. पण वेळ जातो तो दुसऱ्याच गोष्टीत. आपल्या गावाचा नकाशा काढायचा, विहीर कुठे, शेत कुठे, हत्ती नेहमी कुठून येतो. मिरचीची पूड आणि हत्तीची वाळलेली लीद कालवून विटा थापायच्या आणि वारा बघून शेताच्या कडेला धुमसत ठेवायच्या, हत्तीला तो धूर सहन होत नाही. मिरचीची पूड मी चाळत होते आणि मुलं माझ्यासकट शिंकत होती. कणगी घराला चिकटून ठेवायची की विटांची पक्की बांधायची यावर तर मुलांची मोठ्या माणसांसारखी भांडणं झाली. रात्री गाणी, नाच, कापेंटा नावाचे सुके मासे आणि न्शिमा, पोटभर, आणि पोटभर या शब्दावर मी जोर देतेय कारण काही मुलांसाठी तीही नवलाई होती.

ही काही नवी टूम नाही. केनियात वाइल्डलाइफ क्लब्स ऑफ केनिया १९६८ साली सुरू झाले ते केनियाच्या विद्यार्थ्यांनीच सुरू केले. झांबियात मुलांचे चोंगोलोलो क्लब आहेत, चोंगोलोलो म्हणजे आपला पैसा किडा किंवा वाणी, तो पुष्कळ पायांचा, हत्ती सिंहाचं नाव सोडून या किड्याचं नाव घेतलं हे मला फार आवडतं. बोत्स्वानात २००१ मध्ये चिल्ड्रन इन द विल्डरनेस सुरू झालं, त्यात वर्षातले काही दिवस लॉज पर्यटकांसाठी बंद ठेवतात आणि ज्या बिछान्यात एरवी परदेशी पाहुणा झोपतो तिथे शेजारच्या गावातलं मूल झोपतं. म्फुवेत चिपेंबेले नावाचं शिक्षणकेंद्र आहे. चिपेंबेले म्हणजे गेंडा, आणि शिकारीमुळे झांबियातला काळा गेंडा १९९८ मध्ये नामशेष झाल्याचं जाहीर झालं होतं, २००३ पासून नॉर्थ लुआंग्वात बाहेरून आणून पुन्हा सोडले. खोऱ्यातल्या मुलांच्या आजोबांनी पाहिलेला प्राणी त्यांच्या बापांना बघायला मिळाला नाही, हे त्या नावातच आहे.

स्थानिक मुलाला शिकवून काय होतं असं विचारणाऱ्यांना मी रिचर्ड टुरेरेचं सांगते. नैरोबी नॅशनल पार्कच्या दक्षिणेला कुंपण नाही, तिथला हा मसाई मुलगा बापाची गुरं राखायचा, सिंह गुरं मारायचे, आणि आपण सिंहांचा द्वेष करत मोठे झालो असं त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरलं की सिंह येत नाही हे त्याच्या लक्षात आलं, मग अकराव्या वर्षी त्याने गाडीची जुनी बॅटरी, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा आणि सोलर पॅनेल जोडून गोठ्याभोवती लुकलुकणारे दिवे बसवले. सिंह यायचे थांबले. हे शहरातल्या मुलाला सुचलंच नसतं, कारण त्याच्या गायी मरत नाहीत.

मग आपल्या मुलांनी जाऊच नये का? जावं की, पण अभ्याससहल आहे हे मान्य करून जावं आणि नीट बघून जावं. मला विचाराल तर दक्षिण आफ्रिकेत इयान प्लेअर यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या विल्डरनेस लीडरशिप स्कूलच्या पायवाटा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतात. गाडी नाही, लॉज नाही, सामान पाठीवर, आणि रात्री शेकोटीपाशी प्रत्येकाने पाळीपाळीने एकट्याने जागं राहून पहारा द्यायचा. सोळा वर्षांच्या मुलाला त्या अंधारात जे समजेल ते जिप्सीत दहा वेळा बसून समजणार नाही.

एका प्रकाराला मात्र माझा ठाम नकार आहे, सिंहाच्या छाव्याला बाटलीने दूध पाजायचे व्हॉलंटिअर प्रोग्रॅम. कन्झर्वेशन हा शब्द त्यांच्याही बोर्डावर असतो. जंगलात छावा आईजवळ जवळपास दोन वर्षं राहतो, इथे तो काही दिवसांत आईपासून तोडतात, म्हणजे ती लवकर पुन्हा माजावर येते आणि पुढचे छावे मिळतात. माणसाने हाताळून वाढवलेला सिंह जंगलात सोडायच्या कामाचा राहत नाही, आणि असे कितीतरी सिंह मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीला आणि हाडांच्या धंद्याला गेलेत. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २०२१ मध्ये हा पाळीव सिंहांचा धंदा बंद करायचं धोरण जाहीर केलं ते उगाच नाही. रवांडात अकागेरा पार्कात २०१५ मध्ये सात सिंह नेऊन सोडले ते राखीव जंगलांतून, स्वतः शिकार करणारे, बाटलीवर वाढलेले नव्हेत. प्राण्याला हात लावू देतात का एवढंच फोनवर विचारा, हो म्हणाले की फोन ठेवा.

आणि एक. हे सगळं आफ्रिकेचं म्हणून वाचू नका. ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, गावात पहाटे जिप्स्या धुरळा उडवत जातात तेव्हा रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं उभी असतात. मी झांबियाहून परत आल्यावर त्यातल्या काहींना विचारलं, आत गेलायत का कधी, तर हसली. वाघ बघितलाय का विचारलं तर एकाने शेताच्या दिशेने बोट दाखवलं.

त्या म्फुवेच्या मुलीने शेवटच्या दिवशी काढलेल्या नकाशाचा फोटो माझ्याकडे आहे. घर, विहीर, आंबा, आणि हत्तीची वाट लाल खडूने, थेट आंब्यापर्यंत. कणगी तिने आधी आंब्याखाली काढली होती, ती खोडून दुसऱ्या बाजूला काढलीय, आणि खाली न्यांजात लिहिलंय, बाबांना सांगायचं. हल्ली फीचा मेसेज आला की मी आधी तो फोटो पाठवते.