स्टार्टरची बॅटरी वेगळी, घरखर्चाची वेगळी

बोटीवर बॅटऱ्यांच्या कप्प्याचं झाकण उचललं की शेजारी शेजारी दोन काळी खोकी दिसतात. दोन्ही १२ व्होल्टची, दोन्हींत शिशाच्या प्लेटा आणि ॲसिड, वजनालाही सारखीच जड. म्हणून बरेच जण त्यांना एकाच मापाने मोजतात. पण एक इंजिनाला हिसका देण्यासाठी असते, तर दुसरी दिवे, फ्रीज, पंप आणि रेडिओ यांचा रोजचा घरखर्च चालवण्यासाठी. एकीचं काम दुसरीवर टाकलं की ती वेळेआधी मरते, आणि बहुधा नको त्या वेळी.

माझी पहिली चूक याच प्रकारची होती. नांगर टाकून रात्रभर थांबलो होतो आणि बॅटरीचा खटका ‘दोन्ही’वरच राहिला होता. पहाटे वारा फिरला म्हणून किल्ली फिरवली, तर स्टार्टरने ‘टक्’ एवढाच आवाज केला. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. फ्रीजने दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकल्या होत्या.

हिशोब मांडला की फरक डोळ्यांत भरतो. समजा, इंजिन सुरू करायला ३०० ॲम्पिअर लागले आणि तेही ३ सेकंद. तो खर्च होतो जेमतेम पाव ॲम्पिअर-तास. उलट फ्रीज आणि नांगराचा दिवा मिळून सरासरी अडीच ॲम्पिअर खात असतील, तर १२ तासांत ३० ॲम्पिअर-तास गेले. म्हणजे एका रात्रीत इंजिन १२० वेळा सुरू करण्याइतका खर्च, फक्त तो हळूहळू होतो.

म्हणून आतली घडणही वेगळी असते. स्टार्टरच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. ॲसिडला लागणारा पृष्ठभाग मोठा मिळतो आणि क्षणात मोठा प्रवाह निघतो. पण तीच बॅटरी वारंवार खोलवर रिकामी केली, तर प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी साचतो. घरखर्चाच्या, म्हणजे डीप सायकल बॅटरीत प्लेटा कमी, जाड आणि घट्ट लेपाच्या असतात. त्या हिसका कमी देतात, पण रोजचं रिकामं होणं-भरणं सोसतात.

विकत घेताना बाहेरच्या रंगापेक्षा लेबलावरचा आकडा पाहा. ‘सीसीए’ (कोल्ड क्रँकिंग ॲम्प्स, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायचा प्रवाह) हा आकडा ठळक असेल, तर ती इंजिनासाठीची. उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद किती प्रवाह देता येतो, ते तो सांगतो आणि फ्रीज किती तास चालेल याबद्दल काहीच सांगत नाही. घरखर्चासाठी २० तासांच्या दराने दिलेले ॲम्पिअर-तास बघायचे. १०० ॲम्पिअर-तास म्हणजे ५ ॲम्पिअर २० तास. २० ॲम्पिअर ओढले, तर मात्र ५ तास पुरत नाहीत, त्याआधीच ती बसते. नुसतं ‘मरीन’ लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. दुहेरी कामाच्या बॅटऱ्या छोट्या बोटीला चालतात, पण मला त्या दोन्ही कामांत अर्ध्यामुर्ध्याच वाटतात.

शिशाची बॅटरी शक्यतो निम्म्याच्या खाली नेऊ नये. म्हणजे दिवसाला ६० ॲम्पिअर-तास लागत असतील, तर १२० हा अगदी काठावरचा आकडा झाला. मी तरी २०० च्या पुढेच जाईन. ६ व्होल्टच्या, गोल्फच्या गाडीत वापरतात तशा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की हे स्वस्तात जमतं.

आता देखभाल. माझ्या पाहण्यात घरखर्चाच्या बॅटऱ्या वापराने कमी आणि अर्धपोटी राहून जास्त मेल्या आहेत. पहिले ८० टक्के पटकन भरतात, उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. तासभर इंजिन चालवून ‘भरली’ म्हणून सोडून दिलं, की प्लेटांवर सल्फेट धरतं, घट्ट होतं आणि क्षमता दर महिन्याला थोडी थोडी चोरीला जाते. सौर पॅनल इथे खरं उपयोगी पडतं, कारण ते दिवसभर संथपणे शेवटचा हप्ता भरत राहतं. व्होल्टेज मोजायचं तर चार्जिंग आणि भार बंद करून काही तासांनी मोजा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. चार्जर नुकताच काढलेला असताना दिसणारा आकडा फसवा असतो.

पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं, आणि तेही चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील इतकं घाला. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, तेव्हा कप्प्याला हवा हवीच. समांतर जोडणीत जुनी-नवी मिसळू नका, आणि धन तार एका टोकाच्या बॅटरीवरून, ऋण दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून काढा, म्हणजे भार सगळ्यांवर सारखा पडतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आणि ती चार्ज होताना इतकी अधाशी असते की आल्टर्नेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा वीज बनवणारा भाग, तापवते. चार्जरची मांडणी बदलल्याशिवाय जुन्या जागी बसवू नका.

त्या पहाटेनंतर मी दोन्हींमध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले बसवला. चार्जिंग सुरू होऊन व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की तो दोघींना जोडतो, चार्जिंग थांबून उतरलं की तोडतो. ‘दोन्ही’ हा खटका आता फक्त इंजिन अडलं तरच फिरवतो.