हुआस्कारान: उत्तर माथा आणि दक्षिण माथा

‘पेरूचं सर्वोच्च शिखर हुआस्कारान १९०८ मध्ये अ‍ॅनी पेक यांनी सर केलं’ असं वाक्य बऱ्याचदा वाचनात येतं. त्यात दोन शिखरांची सरमिसळ झालेली असते.

कॉर्डिलेरा ब्लांका रांगेतल्या या डोंगराला दोन माथे आहेत. दक्षिण माथा ६,७६८ मीटर उंच; पेरूतच नव्हे, तर साऱ्या उष्ण कटिबंधात तोच सर्वांत उंच. उत्तर माथा त्याहून शंभरेक मीटरने कमी. मधे गार्गांता ही बर्फाची खिंड. सांता नदीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे पाहिलं की डावीकडचा उत्तर, उजवीकडचा दक्षिण. तिथल्या केचुआ भाषेत या डोंगराला माताराजू, म्हणजे जुळं हिमशिखर, असंही म्हणतात. मला हेच नाव जास्त नेमकं वाटतं.

पेक चढल्या तो उत्तर माथा. तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या, सोबत दोन स्विस वाटाडे. त्यांतल्या रुडॉल्फ टाउगवाल्डर यांना हिमदंशाने बोटं गमवावी लागली. आपण महिलांचा उंचीचा विक्रम मोडला, असं पेक यांना वाटलं. तो विक्रम फॅनी बुलक वर्कमन यांचा होता, १९०६ मध्ये आपल्याकडच्या नुन-कुन पर्वतसमूहातल्या पिनॅकल पीकवर केलेला. वर्कमनबाईंनी स्वतःच्या खर्चाने पेरूला सर्वेक्षक धाडले आणि मोजणीत उत्तर माथा कमी भरला. या वादात पेक यांची चढाई झाकोळली, याचं वाईट वाटतं. विक्रम हुकला तरी चढाई थोरच होती. दक्षिण माथ्यावर १९३२ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन तुकडी पोचली.

दुसरी गल्लत जास्त खटकते. ३१ मे १९७० च्या भूकंपात यूंगाय शहर गाडलं गेलं. त्या बातमीच्या उजळणीत हमखास ६,७६८ चा आकडा आणि दक्षिण माथ्याचा फोटो येतो. पण बर्फ आणि खडकांचा तो लोंढा सुटला उत्तर माथ्याच्या पश्चिम कड्यावरून. १९६२ मध्ये रानराहिर्का गाव गाडणारा हिमप्रपातही याच माथ्यावरून आला होता. त्या वेळी मधल्या टेकाडाने यूंगायला वाचवलं. १९७० चा लोंढा ते टेकाड ओलांडून आला. वाचलेल्यांपैकी बरेच जण शहराच्या उंचवट्यावरच्या दफनभूमीत धावले होते.