रबरी इनडोअर विमानांचे ट्रिमिंग

रबराच्या पिळावर बंद सभागृहात उडणारे विमान संथपणे, एकसारख्या वर्तुळात फिरत राहावे म्हणून पंख, शेपटी आणि प्रॉपेलरच्या बैठकीत केलेले बारीक फेरफार म्हणजे ट्रिमिंग. एफ१एम या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-वर्गात पंखविस्तार कमाल ४६० मिमी, रबराशिवाय वजन किमान ३ ग्रॅम आणि रबर कमाल १.५ ग्रॅम असते. इतक्या हलक्या विमानाला अर्ध्या मिलिमीटरचा बदलही जाणवतो.

प्रॉपेलर मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे विमान डावीकडे कलते. म्हणून वर्तुळही डावेच ठेवतात. आतला डावा पंख खाली पडू नये यासाठी तो किंचित लांब करतात किंवा त्याची पुढची कड थोडी वर पिळतात. वळण मिळते ते सुकाणू डावीकडे वळवून आणि आडव्या शेपटीचे डावे टोक उंच ठेवून.

हाताने सोडून तरंगवण्याच्या चाचणीवर फार विसंबू नये. हे विमान उतरेपर्यंत प्रॉपेलरच्या जोरावरच उडते. पहिली उड्डाणे पूर्ण पिळाच्या चौथाईवर करावीत. नाक वर जाऊन विमान हेलकावे खात असेल, तर पंखाला काठीवर (विमानाच्या धडावर) पेलणारा पुढचा खुंट त्याच्या कागदी नळीत थोडा खाली सरकवावा. नाक खाली घालत असेल तर वर. हेलकावे फक्त सुरुवातीला येत असतील, तर पंखाला हात लावू नये, प्रॉपेलरचा रोख किंचित खाली करावा. डावीकडे गिरकी घेत कोसळत असेल, तर सुकाणूचे वळण कमी करावे किंवा डाव्या पंखाचा पीळ वाढवावा. एका वेळी एकच बदल. दोन केले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

रबराला सिलिकॉनचे वंगण लावून, चार-पाच पट ताणून पीळ भरावा आणि निम्मा झाल्यावर हळूहळू पुढे येत उरलेला भरावा. ठाणे-नवी मुंबईच्या बॅडमिंटन हॉलमध्ये छताच्या कैच्या आड येतात, म्हणून पूर्ण भरून काही फेरे उलटे सोडणे श्रेयस्कर: सुरुवातीचा जोर ओसरतो, फेरे मात्र बरेचसे शिल्लक राहतात. पंखे, एसी बंद करून हवा स्थिरावू द्यावी. विमान पुढे ढकलू नये; आधी प्रॉपेलर सोडावा, मग काठी.

खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात बाल्सा ओल धरतो, पंखाची पिळण बदलते. घरी मोजलेली मापे हॉलमध्ये पुन्हा तपासावीत आणि पेटीत सिलिका जेल ठेवावे.