वनस्पतीतल्या रेणूंचं डॉकिंग

झाडपाल्यातले रेणू एखाद्या विषाणूच्या प्रथिनात नीट बसतात का, हे लॅबमध्ये हात घालायच्या आधी कॉम्प्युटरवर चाळून बघतात, त्याला व्हर्च्युअल स्क्रीनिंग म्हणतात आणि त्यातलं मुख्य काम म्हणजे डॉकिंग, म्हणजे रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून बघणं. कुलूप-किल्लीचं उदाहरण सगळीकडे देतात, पण इथे किल्ली वाकते, म्हणजे रेणू हवा तसा वळवून बघता येतो, प्रथिन मात्र बहुतेक वेळा ताठच धरलेलं असतं (खरं प्रथिन हलतं, पण तेवढं गणित परवडत नाही).

याची खरी लाट आली २०२० मध्ये. कोरोनाचा विषाणू आधी एक लांबलचक प्रथिनसाखळी बनवतो आणि मेन प्रोटीएज नावाचं एन्झाइम तिचे तुकडे करतं, ते बंद पाडलं की विषाणूची वाढ थांबते. या एन्झाइमची रचना शांघायच्या शास्त्रज्ञांनी काढली आणि ती फेब्रुवारी २०२० मध्ये ६एलयू७ या नंबराने प्रोटीन डेटा बँकेत (प्रथिनांच्या रचनांचा ऑनलाइन साठा) सगळ्यांसाठी खुली झाली. लॅब बंद, डॉकिंगचं ऑटोडॉक व्हिना हे सॉफ्टवेअर फुकट, काम साध्या लॅपटॉपवर होतं, आणि चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसच्या इम्पॅट डेटाबेसमध्ये भारतीय औषधी वनस्पतींचे हजारो रेणू आयतेच मिळतात, मग काय, हळद, तुळस, गुळवेल, अश्वगंधा, सगळ्यांवर पेपर आले आणि व्हॉट्सअॅपवर त्याचं थेट औषध झालं.

डॉकिंगचा स्कोअर किलोकॅलरी प्रति मोल या ऊर्जेच्या एककात येतो, जितका जास्त मायनस तितकी पकड घट्ट. पण व्हिनाचा अंदाजच दोन-तीन किलोकॅलरीने चुकू शकतो, त्यामुळे –८.१ पेक्षा –८.६ भारी असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय रेणू मोठा असला की स्कोअर आपोआप चांगला येतो, म्हणून रुटिनसारखे शर्करा जोडलेले वनस्पतीतले रेणू कायम यादीत वर दिसतात, आणि रुटिनचा रेणुभार ६१०, म्हणजे तोंडाने घ्यायच्या औषधासाठी लिपिन्स्की या औषधरसायनशास्त्रज्ञाने घातलेल्या ५०० च्या मर्यादेबाहेर. अजून एक गोची अशी की ६एलयू७ मधला एन३ हा एन्झाइम रोखणारा रेणू १४५ नंबरच्या सिस्टीनला (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) रासायनिक बंधाने चिकटलेला आहे, साधं डॉकिंग तो बंध मोजतच नाही, तरी "आमचा रेणू एन३ पेक्षा सरस" असं बिनधास्त लिहितात.

कर्क्युमिनचं तर विचारूच नका. ते पाण्यात टिकत नाही, रक्तात जेमतेम पोचतं आणि लॅबच्या चाचण्यांमध्ये खोटे पॉझिटिव्ह देण्यासाठी बदनाम आहे.

सगळंच वाया गेलं असं नाही. चिनी औषधातल्या स्कलकॅप या वनस्पतीच्या मुळातलं बायकॅलेइन मेन प्रोटीएजला लॅबमध्ये खरोखर रोखतं आणि ते कुठे बसतं हे एन्झाइमच्या स्फटिकातही दिसलंय, तरी त्याची गोळी झालेली नाही. स्क्रीनिंगमधून औषधापर्यंत पोचलेलं ठळक उदाहरण म्हणजे जपानच्या शिओनोगी कंपनीचं एन्सिट्रेल्विर हे याच एन्झाइमला रोखणारं कोरोनाचं औषध, त्याला तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये तातडीची मंजुरी मिळाली. पण तो रेणू कंपनीच्या स्वतःच्या साठ्यातला होता, झाडपाल्यातला नाही, आणि स्क्रीनिंगमध्ये सापडल्यावर त्यातही बरेच फेरफार करावे लागले.