९६.० आणि ९६.४ : दम्यावरच्या थर्मोप्लास्टीची पार्श्वभूमी

दुर्बीण आत गेल्यावर तिच्या टोकातून एक बारीक तार पुढे सरकते. मूठ दाबली की तारेच्या टोकाचे चार धातूचे पाय छत्रीच्या काड्यांसारखे फुगतात आणि श्वासनलिकेच्या भिंतीला चारी बाजूंनी टेकतात. डॉक्टर पायाखालचं पेडल दाबतात. दहा सेकंद भिंत ६५ अंश सेल्सिअसला तापते. मग काड्या मिटायच्या, तार पाच मिलिमीटर मागे घ्यायची, पुन्हा उघडायच्या, पुन्हा पेडल. एका बैठकीत हे चाळीस-पन्नास वेळा, कधी त्याहूनही जास्त. अशा तीन बैठका, मध्ये किमान तीन-तीन आठवडे. आधी उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग, मग डाव्याचा, शेवटी दोन्हीकडचा वरचा. उजव्या फुप्फुसाच्या मधल्या भागाला हात लावत नाहीत, कारण त्याचं तोंड अरुंद असतं आणि सूज आली तर तो भाग मिटून बसण्याची धास्ती असते.

ही ब्रॉन्कियल थर्मोप्लास्टी. दम्याच्या औषधांचा रोख मुख्यतः सुजेवर किंवा स्नायू तात्पुरता सैल करण्यावर असतो. इथे स्नायूच कमी करायचा बेत आहे. दम्याने गेलेल्यांच्या श्वासनलिकांत हा स्नायू जाड झालेला असतो, हे १९२२ पासून छापील नोंदीत आहे. पण तो काढायचा कसा, याला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं उत्तर नव्हतं. दरम्यान दम्यावर शस्त्रक्रियाही झाल्या. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर मानेतली एक बारीकशी गाठ, कॅरोटिड बॉडी, काढून टाकण्याची टूम निघाली. हजारो रुग्णांवर ती झाली आणि पुष्कळांना बरंही वाटलं. पुढे साठच्या दशकात काही डॉक्टरांनी काही रुग्णांना नुसती चीर देऊन टाके घातले, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसेना. हा प्रसंग लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गमतीचा मुद्दा. हा स्नायू श्वासनलिकेत मुळात करतो काय, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. २००४ च्या सुमारास एका शास्त्रज्ञाने त्याला सरळ फुप्फुसाचं अपेंडिक्स म्हणून टाकलं, म्हणजे असला काय नि नसला काय. तापवून तो कमी करायला एक वैचारिक परवानगी मिळाली, ती अशी.

आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले. मग कॅन्सरमुळे फुप्फुसाचा तुकडा काढायचाच होता अशा काही रुग्णांच्या श्वासनलिका शस्त्रक्रियेआधी तापवल्या आणि काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्नायू खरंच कमी झाला होता. २००७ मध्ये दोन चाचण्या आल्या. 'एअर' या चाचणीत ११२ रुग्ण होते आणि किरकोळ अटॅक कमी झाले. 'रिसा'त फक्त ३२, पण त्यांचा दमा जास्त जहाल. तिथे उपचाराच्या आठवड्यांत चार जणांना मिळून सात वेळा दाखल करावं लागलं. तुलनेच्या गटात कुणालाच नाही. दोन्ही चाचण्यांत एक उणीव होती. कुणाला थर्मोप्लास्टी झाली आणि कुणाला नाही, हे रुग्णालाच ठाऊक होतं.

म्हणून 'एअर-२'. सहा देश, तीस केंद्रं, २८८ रुग्ण. त्यांपैकी १९० जणांना खरी थर्मोप्लास्टी आणि ९८ जणांना लुटुपुटीची. भूल तीच, दुर्बीण तीच, तार आत जायची, काड्या उघडायच्या, यंत्राचे आवाजही तेच. फक्त विजेचा प्रवाह नाही. उपचार करणारे डॉक्टर वेगळे आणि नंतर तपासणारे वेगळे. तपासणाऱ्यांना काही माहीत नाही. जपानी गाठीच्या वेळी जी चाळणी फार उशिरा लागली, ती इथे वेळेत लागली. अशा उपकरणाच्या बाबतीत एवढी काळजी घेतलेली चाचणी क्वचित दिसते, हे कबूल केलं पाहिजे.

मुख्य कसोटी होती जगणं किती सुसह्य झालं याची प्रश्नावली. सातपैकी गुण मिळतात आणि अर्ध्या गुणाची वाढ रुग्णाला जाणवते असं धरतात. खऱ्या गटाचे गुण सरासरी १.३५ ने वाढले, लुटुपुटीच्या गटाचे १.१६ ने. फरक ०.१९. अर्धा गुण किंवा त्याहून जास्त सुधारले ते खऱ्या गटात ७९ टक्के आणि लुटुपुटीच्या गटात ६४ टक्के. पहिला आकडा जाहिरातीत फिरला. मला दुसरा जास्त बोलका वाटतो. नुसती दुर्बीण घालून, काहीही न तापवता, तीनपैकी जवळपास दोघांना जाणवेल इतकं बरं वाटलं.

आता शीर्षकातले आकडे. चाचणीचं गणित बेझियन पद्धतीचं होतं. म्हणजे 'फरक निव्वळ योगायोगाने दिसला असेल का' असं न विचारता 'हा उपचार वरचढ असण्याची शक्यता किती' असं विचारायचं. उंबरठा ठरवला होता ९६.४ टक्के. हा विचित्र दशांश आला कुठून? नेहमीचा उंबरठा ९५ चा. पण चाचणी चालू असताना मधेच आकडे उघडून पाहायची मुभा घेतली, तर त्याची भरपाई म्हणून तो थोडा वर सरकवावा लागतो. परीक्षेत वही मधेच तपासून घ्यायची सोय हवी असेल तर पास व्हायला चार गुण जास्त, तसंच काहीसं. निकाल लागला ९६.०.

चार दशांशांनी हुकला. ज्यांनी तिन्ही बैठका नियमाप्रमाणे पूर्ण केल्या, त्यांचाच हिशोब केला तर आकडा ९७.९ येतो, म्हणजे उंबरठ्याच्या वर. समर्थक तोच पुढे करतात. पण सगळे रुग्ण धरून करायचा हिशोब हाच मुख्य, असं आधी लिहून ठेवलं होतं. आधी लिहून ठेवण्याचा उपयोग हाच की निकाल पाहिल्यावर माप बदलता येऊ नये. माझ्या मते मात्र ९६.० की ९६.४ हा वाद थोडा फसवा आहे. ९६.५ आला असता तरी ०.१९ चा फरक ०.१९ च राहिला असता. पास-नापास यावर जितकी शाई वाया गेली, त्याच्या निम्मी तरी या फरकावर खर्च व्हायला हवी होती.

मग मान्यता कशी मिळाली? दुय्यम कसोट्यांवर. मोठे अटॅक लुटुपुटीच्या गटात माणशी वर्षाला ०.७०, खऱ्या गटात ०.४८, म्हणजे जवळपास एक तृतीयांश कमी. इमर्जन्सीत धावत जाण्याचे प्रसंग ०.४३ विरुद्ध ०.०७, म्हणजे ८४ टक्के घट. कामावरच्या आणि शाळेच्या बुडालेल्या दिवसांत ६६ टक्के घट. हे आकडे खरे आहेत आणि लहानही नाहीत. फक्त मोजणी कधी सुरू झाली ते पाहावं. शेवटच्या बैठकीनंतर सहा आठवड्यांनी. त्याआधीच्या उपचाराच्या काळात खऱ्या गटातल्या ८.४ टक्के लोकांना दाखल करावं लागलं, लुटुपुटीच्या गटातल्या २ टक्क्यांना. तापवलेली श्वासनलिका आधी सुजते, कफ सुटतो, धाप वाढते. हे होणारच होतं, पण वर्षाच्या बेरजेत ते आठवडे वेगळ्या रकान्यात गेले.

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकी नियामकाच्या सल्लागार समितीने सहा विरुद्ध एक मतांनी हिरवा कंदील दाखवला आणि एप्रिल २०१० मध्ये मान्यता मिळाली. अठरा वर्षांवरच्या, स्टेरॉइडचा पंप आणि दीर्घकाळ चालणारं श्वासनलिका रुंदावणारं औषध घेऊनही दमा आटोक्यात नसलेल्या रुग्णांसाठी. अट एवढीच की पाच वर्षं पाठपुरावा करायचा आणि रोजच्या वापरातले नवे रुग्णही तपासायचे.

इथे 'गंभीर दमा' या शब्दाचा गुंता येतो. ओपीडीत रोज दिसणारा गंभीर दमा आणि 'एअर-२'मधला गंभीर दमा एक नव्हेत. चाचणीत येण्यासाठी पहिल्या सेकंदात जोरात फुंकलेली हवा अपेक्षेच्या किमान ६० टक्के लागत होती. वर्षभरात वारंवार दाखल झालेले किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स पुन्हा पुन्हा घेतलेले लोक बाहेर ठेवले होते. म्हणजे नावात गंभीर, पण गंभीरातले जरा सावरलेले. दुसऱ्या टोकाला तो पेशंट, ज्याला 'हाताबाहेरचा दमा' म्हणून पाठवलेलं असतं. पंप मारून दाखवा म्हटलं की तो जिभेवर फवारा उडवतो, श्वास आत ओढायच्या आधीच तोंड मिटतो आणि बरोबर केलं ना, अशा नजरेने बघतो. त्याचा दमा गंभीर नाही, त्याचं औषध फुप्फुसात पोचतच नाही. जाणकार आता 'अवघड दमा' आणि 'गंभीर दमा' असे दोन शब्द वापरतात, आणि पहिल्या गटातल्या कुणाला थर्मोप्लास्टीच्या टेबलावर झोपवणं ही चूक मानतात. आपल्याकडे पंपाची सवय लागेल म्हणून तो सोडून देणारे घरोघरी आहेत, तेव्हा हा भेद आपल्याला जास्तच लागू पडतो.

रोजच्या वापरात काय झालं? अमेरिकेत आणि कॅनडात मान्यतेनंतर १९० रुग्णांचा नवा गट तपासला. हे लोक चाचणीतल्यांपेक्षा आजारी होते. आदल्या वर्षी मोठा अटॅक आलेले ७४ टक्के, 'एअर-२'त ५२. दाखल झालेले १५.३ टक्के, तिकडे ४.२. तिसऱ्या वर्षी मोठे अटॅक ४५ टक्क्यांनी, इमर्जन्सीच्या फेऱ्या ५५ टक्क्यांनी आणि दाखल होणं ४० टक्क्यांनी कमी झालं होतं. आकडे चाचणीशी जुळणारे. पण तुलनेला गट नाही, आणि माणूस अशा उपचाराला तयार होतो तो बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट वर्षानंतर. पुढचं वर्ष काही न करताही थोडं बरं जाण्याची शक्यता असतेच. 'एअर-२'च्या पाच वर्षांच्या निकालांनाही हेच लागू. अटॅक ४४ टक्क्यांनी घटलेले राहिले हे ठीक, पण लुटुपुटीच्या गटाचा पाठपुरावा वर्षभरातच थांबला होता. खरी तुलना आहे ती त्या एकाच वर्षाची.

ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीत आणखी वेगळं चित्र दिसलं. तिथले रुग्ण वयाने मोठे, फुंकर कमजोर. सुमारे पाचपैकी एका प्रक्रियेला काही ना काही त्रासाची नोंद चिकटली होती. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. फुंकरीचा आकडा वर्षानुवर्षं होता तिथेच राहतो, वाढत नाही आणि घसरतही नाही. जास्त हवा फुंकता येईल या आशेने आलेल्याची निराशा होते. अटॅकच्या भीतीने आलेल्याला काही हाती लागू शकतं.

याच काळात इंजेक्शनं आली. 'एअर-२' चालू असताना दम्यासाठी एकच जैविक औषध, म्हणजे सुजेचा एखादाच दुवा नेमका अडवणारं इंजेक्शन, बाजारात होतं, ओमालिझुमॅब. २०१५ नंतर मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, डुपिलुमॅब, टेझेपेलुमॅब अशी रांग लागली. औषधाप्रमाणे दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतच्या अंतराने एक सुई, दुर्बीण नको, भूल नको. खर्च मोठा आणि सुई चालूच ठेवावी लागते हे खरं, पण थर्मोप्लास्टी रांगेत मागे सरकली. ऑस्ट्रेलियातल्या एका क्लिनिकने आपले थर्मोप्लास्टीचे आणि मेपोलिझुमॅबचे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले तेव्हा एकूण फायद्यात मोठी तफावत दिसली नाही. पण कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नव्हे.

मार्गदर्शक सूचनांत गंमत झाली. २०१४ मध्ये युरोप-अमेरिकेच्या संयुक्त गटाने हा उपचार फक्त अभ्यासात किंवा रुग्णांची पद्धतशीर नोंदवही ठेवूनच करावा असं सांगितलं. ब्रिटनने २०१२ चं सावध मत २०१८ मध्ये सैल केलं. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये शक्यतो करू नये अशी शिफारस केली. पुरावा थोड्याफार फरकाने तोच, आणि निकाल तीन.

२०२१ मध्ये दहा वर्षांवरचा पाठपुरावा आला. जुन्या तिन्ही चाचण्यांतले १९२ जण पुन्हा तपासले होते, त्यांतले १३६ थर्मोप्लास्टी झालेले. मोठे अटॅक येणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या आणि पाचव्या वर्षाइतकंच राहिलं होतं. सीटी स्कॅनमध्ये सुमारे ७ टक्क्यांत श्वासनलिका कायमच्या फुगल्याचं नव्याने दिसलं. ते थर्मोप्लास्टीमुळे की दम्यामुळेच, हे स्कॅन सांगत नाही.

त्याच सुमारास युरोपात ४० रुग्णांच्या श्वासनलिकांचे तुकडे उपचाराआधी आणि नंतर तपासले गेले. स्नायू निम्म्याहून अधिक कमी झाला होता, म्हणजे यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. पण ज्याचा स्नायू आधी जास्त जाड, त्याला फायदा जास्त, असं काही आढळलं नाही. जास्त बरं वाटलं ते रक्तात आयजीई (अॅलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) आणि इओसिनोफिल (अॅलर्जीच्या सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त असलेल्यांना. थर्मोप्लास्टीची बाजू घेणारे अलीकडे म्हणतात की इंजेक्शनं ज्यांना लागू पडत नाहीत त्यांच्यासाठी ती ठेवावी. आयजीई आणि इओसिनोफिल जास्त असलेले रुग्ण म्हणजे बहुतेक इंजेक्शनं ज्यांना लागू पडतात नेमके तेच.