विक्रीकर प्रशासन, महाराष्ट्रातील

राज्यातील विक्रीवरील कर व त्याच्याशी संलग्न कर आकारून वसूल करणारी शासकीय यंत्रणा. ती राज्याच्या वित्त विभागाच्या अखत्यारीत असून मुख्यालय मुंबईत माझगाव येथे आहे. पूर्वीच्या विक्रीकर विभागाला आता महाराष्ट्र वस्तू व सेवा कर विभाग म्हणतात.

या कराचा प्रारंभ सामान्यतः १ ऑक्टोबर १९४६ पासून धरतात. ही तारीख मुंबई प्रांतातील सर्वसाधारण विक्रीकराची आहे. तथापि विदर्भ त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि तेथे १९३८ च्या कायद्यानेच पेट्रोल व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर कर बसला होता. हे वस्तुतः उत्पादनशुल्क असून तो अधिकार केंद्राचा आहे, असा आक्षेप निघाला व प्रश्न फेडरल कोर्टाकडे, म्हणजे केंद्र व प्रांत यांच्या अधिकारांचे वाद ऐकणाऱ्या तत्कालीन न्यायालयाकडे, गेला. सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान व मुकुंद रामराव जयकर या न्यायाधीशांनी कौल प्रांताच्या बाजूने दिला. केंद्राचे शुल्क मालाच्या उत्पादनाशी निगडित असते. किरकोळ विक्रीवरील कर प्रांताला बसवता येतो, असा त्याचा आशय. राज्यांच्या पुढील सर्व विक्रीकरांना या निर्णयाचा आधार मिळाला. एकाच प्रकारच्या मालावरील कर म्हणून काही जण १९३८ चा कायदा प्रारंभ मानत नाहीत. पण अधिकाराचा मूळ प्रश्न तेथेच सुटला असल्याने ते साल धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता.

पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर अधिनियम आला व १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर (व्हॅट) लागू झाला. १ जुलै २०१७ रोजी बहुतेक माल वस्तू व सेवा कराखाली गेला. पेट्रोल, डिझेल व मद्य यांच्यावरील मूल्यवर्धित कर मात्र हाच विभाग घेतो. मद्यावरील उत्पादनशुल्काचे खाते वेगळे आहे.

विभागप्रमुख राज्यकर आयुक्त असतात. राज्यकर निरीक्षकांची निवड लोकसेवा आयोगामार्फत होते. वस्तू व सेवा कराच्या आरंभी दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या करदात्यांपैकी ९० टक्के राज्याकडे व १० टक्के केंद्राकडे, तर त्यावरील निम्मे-निम्मे, अशी त्यांच्या प्रशासनाची वाटणी ठरली. महाराष्ट्रातील करदात्याचा वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक २७ ने सुरू होतो.

१९७५ पासूनचा व्यवसाय करही याच विभागाकडे आहे. पगारातून दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली असल्याने हा हिशेब असा बसवलेला आहे.